पंचक्रोशी : मॅजिकच्या पत्त्यांचा पाच जणांनी खेळायचा घरगुती डाव

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि तो १९९३ साली बाजारात आला. त्याचे मूळ नियम मुख्यतः दोघांनी समोरासमोर बसून खेळावे अशा बेताने बांधलेले आहेत. आमच्या बेळगावात मात्र पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी टिळकवाडीतल्या एखाद्या घरात पत्ते निघाले, की शहापूरचा एक, वडगावचा एक, येळ्ळूरहून दुचाकीवर भिजत आलेला एक आणि खानापूरहून सकाळच्या गाडीने आलेला एक असे चौघे-पाच जण हमखास जमतात. त्यांतल्या दोघांनी खेळायचे आणि उरलेल्यांनी बघत बसायचे, हे कोणालाच रुचत नाही. त्या गरजेतून आम्ही ‘पंचक्रोशी’ नावाचा पाच जणांचा डाव बसवला. तो कसा मांडायचा, त्यातला प्रत्येक नियम कशासाठी आहे आणि आपल्या संग्रहाप्रमाणे त्यात कोणते फेरफार करता येतात, हे इथे सांगतो. लँड (जमिनीचा पत्ता) टॅप करून, म्हणजे आडवा करून, माना (जादूची शक्ती) काढणे, क्रीचर (लढणाऱ्या जिवाचा पत्ता) उतरवणे, हल्ला करणे आणि हल्ला अडवणे एवढे ज्यांना येते, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पाच जण गोल करून बसले आणि ज्याला वाटेल त्याने ज्याला वाटेल त्याला मारावे एवढेच ठरवले, तर डाव दोन रोगांनी आजारी पडतो. पहिला रोग असा, की जो आधी बाद होतो त्याला पुढचा तासभर भिंतीला टेकून बसावे लागते, आणि खानापूरहून दीड तास खर्चून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात असे बसवणे मला फार लागते. दुसरा रोग त्याहून खोल आहे. हल्ला करणाऱ्याची क्रीचर टॅप होतात, त्यामुळे तो इतर तिघांसमोर उघडा पडतो. मग शहाणा खेळाडू हल्लाच करत नाही, दुसरे दोघे एकमेकांत झिजण्याची वाट पाहतो, आणि पाचही जण शहाणे असले तर दोन तास कोणीच हलत नाही. अनेकांच्या डावाचा कोणताही नियम बनवताना मी एकच प्रश्न विचारतो : या नियमाने हल्ला करणाऱ्याचा फायदा होतो, की वाट पाहणाऱ्याचा?

अनेकांनी खेळायचे प्रकार या खेळात आधीपासून आहेत. कमांडर हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रकार. २०११ पासून खेळाची कंपनी त्यासाठी तयार डेक, म्हणजे एका खेळाडूची पत्त्यांची गड्डी, काढते. त्यात १०० पत्त्यांचा डेक आणि ४० लाइफ असतात (लाइफ संपले की खेळाडू बाद). तो डाव सुंदर आहे, पण ज्याचा संग्रह मोठा त्याची बाजू जड होते आणि डाव लांबतो. पाच जणांसाठी ‘स्टार’ नावाचा एक जुना प्रकार आहे, ज्यात प्रत्येकाला एक रंग मिळतो आणि समोरचे दोघे शत्रू असतात. पंचक्रोशीचा सांगाडा त्या स्टारचाच आहे. शेवट कसा व्हावा, शेजाऱ्याने काय करावे आणि हल्ल्याला बक्षीस काय, हे तीन भाग मात्र आम्ही बसवलेले आहेत.

बैठक

मॅजिकच्या प्रत्येक पत्त्याच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे पाच ठिपके वर्तुळात छापलेले असतात : पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. त्या वर्तुळात लगतचे रंग एकमेकांचे मित्र आणि पलीकडचे दोन रंग शत्रू, ही खेळाच्या रचनेतलीच कल्पना आहे. सतरंजीवर याच क्रमाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बसावे. कोणी कोणता रंग घ्यायचा ते पाच रंगांचे पाच बेसिक लँड उलटे ठेवून चिठ्ठीसारखे उचलून ठरवावे, म्हणजे नेहमी लालच हवा असणाऱ्याचा हट्ट चालत नाही. आता प्रत्येकाला डाव्या-उजव्या हाताला दोन शेजारी आणि समोर दोन विरोधी मिळतात. पांढऱ्याचे विरोधी काळा आणि लाल, निळ्याचे लाल आणि हिरवा, काळ्याचे हिरवा आणि पांढरा, लालाचे पांढरा आणि निळा, हिरव्याचे निळा आणि काळा. एका कागदावर पाच टोकांची चांदणी काढून ती मध्ये ठेवली, तर पहिल्या दोन-तीन डावांत तिचा मोठा आधार होतो, कारण चांदणीची प्रत्येक रेघ एका वैराची असते.

इथे आपल्याकडच्या खेळाडूंना एक अडचण येते आणि ती आधीच सांगून ठेवलेली बरी. आपण सगळे मेंढीकोटावर वाढलेलो असतो, आणि मेंढीकोटात समोर बसलेला तो आपला भिडू असतो. त्याच्याकडे दहिला जावा म्हणून आपण जीव टाकतो. पंचक्रोशीत हे नाते नेमके उलटे आहे, समोरचा विरोधी आणि लगतचा आपला. माझ्या घरी पहिल्याच डावात एकाने समोरच्याचे क्रीचर वाचवण्यासाठी स्वतःचा पत्ता खर्च केला आणि मग शेजाऱ्यावर हल्ला घोषित केला, तेव्हा शेजारी कळवळून म्हणाला, “मला कशाला माराल्यास रे, मी शेजारी नव्हे काय?” तेव्हापासून प्रत्येक डावाआधी प्रत्येकाने आपल्या दोन विरोधकांची नावे मोठ्याने म्हणायची, असा शिरस्ता आम्ही ठेवला आहे.

पाचच जण असतील तरच हा डाव मांडावा. चौघे असतील तर दोन-दोनच्या जोड्या करून, प्रत्येक जोडीला मिळून ३० लाइफ देऊन, टू-हेडेड जायंट हा अधिकृत प्रकार खेळावा. सहा असतील तर तिघा-तिघांचा एम्परर हा प्रकार चांगला. पंचक्रोशी ओढून-ताणून चौघांवर बसवली की तिचा तोल जातो.

डेक

पाच डेक एकाच सामाईक डब्यातून, सर्वांनी मिळून बांधावेत. आमच्याकडे पत्ते मुंबई-पुण्याहून किंवा बंगळूरूहून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर नाहीतर कुरिअरने येतात, त्यामुळे एकाकडे हजार पत्ते आणि दुसऱ्याकडे ऐंशी अशी स्थिती सहज होते. सामाईक डबा केला की तो प्रश्नच उरत नाही. प्रत्येक डेक ६० पत्त्यांचा असावा : २४ बेसिक लँड, साधारण २२ क्रीचर आणि उरलेले १४ इतर पत्ते. एकाच नावाचा पत्ता दोनपेक्षा जास्त नसावा. मूळ नियमात चार चालतात, पण चार-चार प्रती जमवणे खर्चाचे आणि डाव एकसुरी करणारे आहे. सगळे पत्ते कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या, दर्जाचे असावेत. १९९८ पासूनच्या संचांत पत्त्याच्या उजव्या बाजूला संचाचे चिन्ह असते आणि ते काळे असेल तर पत्ता कॉमन, हे मुलांनाही लगेच कळते. एखादा पत्ता हवाच असेल आणि मिळत नसेल, तर जास्तीच्या लँडवर कागद चिकटवून त्याचा मजकूर हाताने लिहावा. घरच्या डावात त्याने काही बिघडत नाही. अधिकृत स्पर्धेत मात्र असा पत्ता नेऊ नये.

डेक निवडताना दोघांच्या खेळातले शहाणपण पाच जणांत लागू पडत नाही, आणि या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. लाइटनिंग बोल्ट या माऱ्याच्या पत्त्याने मी तुमचे एक क्रीचर मारले, तर दोघांच्या डावात माझा एक पत्ता गेला आणि तुमचाही एक गेला, हिशेब बरोबर. पाच जणांत मात्र त्याच व्यवहारात तुम्ही आणि मी दोघेही एकेका पत्त्याने गरीब झालो, आणि उरलेले तिघे काहीही न करता आमच्यापेक्षा श्रीमंत ठरले. काउंटरस्पेलचे, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र रद्द करणाऱ्या पत्त्याचे, तर याहून वाईट, कारण तो माना राखून ठेवून वाट पाहायला लावतो आणि चार जणांच्या मंत्रांपैकी एकच अडवतो. आमच्या सुरुवातीच्या डावांत निळाच वारंवार पडत, म्हणजे बाद होत, होता, तो खेळणाऱ्याच्या चुकीने नव्हे, तर आम्ही त्याच्या डेकमध्ये दोघांच्या खेळातली हत्यारे भरली होती म्हणून. निळ्यात अडवणारे मंत्र एकूण तीनपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांच्या जागी मैदानात येताच पत्ता उचलू देणारी उडती क्रीचर घालावीत. सगळ्याच रंगांत मैदानात येताच काहीतरी देणाऱ्या क्रीचरना प्राधान्य द्यावे, कारण अशा क्रीचरला कोणी मारले तरी त्याचा अर्धा मोबदला मालकाला मिळून गेलेला असतो.

दुसऱ्या टोकाला काही पत्ते पाच जणांत फारच बलवान होतात. पेस्टिलन्स आणि क्रिप्ट रॅट्स हे दोन्ही काळे कॉमन पत्ते एकदम सर्व क्रीचरवर आणि सर्व खेळाडूंवर मारा करतात. ते डब्याबाहेर ठेवावेत, नाहीतर काळा खेळाडू एकटाच डावाचा वेग ठरवतो. ऱ्हिस्टिक स्टडी हा निळा पत्ता २००० सालच्या प्रॉफेसी संचात कॉमन म्हणूनच छापला गेला होता, पण विरोधकाने प्रत्येक मंत्रामागे एक माना जास्त भरला नाही तर त्याच्या मालकाला पत्ता उचलता येतो, आणि अनेकांच्या डावात त्याचा पत्त्यांचा ओघ थांबतच नाही. केवळ कॉमन आहे म्हणून पत्ता निरुपद्रवी असतो असे नाही. हिरव्यातले फॉग, म्हणजे त्या पाळीतले लढाईचे सारे नुकसान रद्द करणारे पत्ते, दोनच असावेत. ते जास्त झाले की हल्ला करण्याची इच्छाच मरते.

डाव

प्रत्येकाचे २५ लाइफ. मूळचे २० ठेवले तेव्हा दोन विरोधी मिळून एकाला फार लवकर उलथवत होते, आणि ३० केले तेव्हा संध्याकाळचा चहा होऊन गेला तरी डाव संपेना. हात सात पत्त्यांचा. पहिला हात वाईट आला तर एकदा फुकट बदलून घ्यावा, आणि पहिल्या खेळाडूनेही पहिल्या पाळीत पत्ता उचलावा. अनेकांच्या डावासाठी अधिकृत नियमांतही या दोन्ही सवलती आहेत. पाळी घड्याळाच्या दिशेने, म्हणजे पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा अशी फिरते. सुरुवात कोणी करायची ते चिठ्ठीने ठरवावे. हल्ला फक्त आपल्या दोन विरोधकांवर करता येतो. एकाच पाळीत दोघांवर क्रीचर वाटून हल्ला केला तरी चालतो.

कोणताही एक खेळाडू पडला, की त्या क्षणी डाव संपतो. पंचक्रोशीतला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे आणि तो कधीही सैल करू नये. पडलेल्या खेळाडूचे जे दोन विरोधी आहेत, त्यांना प्रत्येकी दोन गुण मिळतात, मग प्रत्यक्ष घाव कोणी घातला याला महत्त्व नाही. शेजाऱ्यांना काहीच मिळत नाही. कोणालाही भिंतीला टेकून बसावे लागत नाही, आणि शेजारधर्म हा केवळ बोलण्याचा विषय न राहता गुणांचा विषय होतो : काळा पडला तर निळ्याच्या आणि लालाच्या हाती शून्य येते, म्हणून त्या दोघांना काळा मनापासून जिवंत हवा असतो.

शेजाऱ्याला मदत करण्याच्या नियमाला आम्ही पाठराखण म्हणतो. आपल्या शेजाऱ्यावर हल्ला झाला आणि त्याने आपली अडवणारी क्रीचर जाहीर केली, की त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना, आधी डावीकडच्याला आणि मग उजवीकडच्याला, आपले प्रत्येकी एक न टॅपलेले क्रीचर पुढे करून एखाद्या हल्लेखोराला अडवता येते. अडवण्याचे नेहमीचे निर्बंध इथेही लागू आहेत, म्हणजे उडत्या क्रीचरला उडते किंवा रीच (उडत्याला अडवण्याची क्षमता) असलेले क्रीचरच अडवू शकते. या नियमात आम्हाला तीन वेळा दुरुस्ती करावी लागली, आणि ती कशी झाली हे कळले तर नियम बनवण्याची रीत कळते. आधी आम्ही कितीही क्रीचर पुढे करू दिली. मग तिघांची भिंत उभी राहू लागली आणि कोणीच पडेना. म्हणून एकच क्रीचर ठेवले. तरीही पाठराखण फुकटची वाटत होती, म्हणून लढाईनंतर ते क्रीचर टॅप करायचे ठरवले, जेणेकरून मदत करणारा स्वतः उघडा पडावा. तेव्हा एक बारीक गोष्ट ध्यानात आली. पांढऱ्याने काळ्यावर हल्ला केला आणि निळ्याने काळ्याची पाठराखण केली, तर पुढची पाळी निळ्याचीच असते. तो लगेच आपले सगळे टॅप झालेले पत्ते उघडतो, म्हणजे पुन्हा सरळ करतो, आणि त्याला मदतीची काहीच किंमत मोजावी लागत नाही. लालाने तीच मदत केली तर मध्ये त्याचा विरोधी निळा खेळणार असतो आणि त्याची छाती उघडी राहते. एकाच नियमाचे दोन शेजाऱ्यांना दोन भाव, हे न्याय्य नव्हते. शेवटी असे ठरले, की पाठराखण करणारे क्रीचर लढाईत वाचले तर टॅप होते आणि मालकाच्या लगेच येणाऱ्या पाळीत ते उघडत नाही. आता दोन्ही शेजाऱ्यांना मदतीची खरी किंमत पडते आणि ती कधी द्यायची हा विचार करावा लागतो.

पाठराखणीमुळे बचाव बळकट होतो, म्हणून हल्ल्याच्या पारड्यातही काहीतरी टाकावे लागते. ती जागा पाटीलकीची. अधिकृत खेळात २०१६ सालच्या कॉन्स्पिरसी : टेक द क्राउन या संचात मोनार्क नावाची तरतूद आली, जो मोनार्क असेल तो आपल्या पाळीच्या शेवटी एक जादा पत्ता उचलतो, आणि ज्याचे क्रीचर लढाईत त्याला इजा करील तो नवा मोनार्क होतो. अनेकांच्या डावातल्या सुस्तीवर इतका साधा आणि अचूक उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या डावात सुरुवातीला पाटील कोणीच नसतो. ज्याचे क्रीचर पहिल्यांदा लढाईत एखाद्या विरोधकाला इजा करते, त्याच्याकडे पाटीलकी जाते, आणि खूण म्हणून आम्ही तांब्याचा एक जुना पैसा त्याच्यासमोर ठेवतो. जादा पत्त्याचा नियम मोनार्कचाच. एक भर मात्र आमची आहे : पाटलावर त्याचे शेजारीसुद्धा हल्ला करू शकतात, आणि त्याची पाठराखण करायची की त्याचा पैसा हिसकायचा हे त्यांनी ठरवावे. शेजाऱ्याच्या हल्ल्यात फक्त पाटीलकी जावी आणि लाइफ जाऊ नये असे आम्ही करून पाहिले, पण ऐन लढाईत ते कोणाच्याच लक्षात राहत नव्हते, म्हणून नुकसान नेहमीसारखेच ठेवले. त्यामुळे शेजाऱ्याला फार मारणे आपल्याच अंगावर येते. हा ताण मला या डावात सर्वांत आवडतो.

एवढे करूनही डाव रेंगाळलाच तर दुष्काळ येतो. आठव्या फेरीपासून प्रत्येकाने आपल्या पाळीच्या आरंभी एक लाइफ कमी करायचे, नवव्या फेरीत दोन, दहाव्यात तीन. बाराव्या फेरीअखेर केवळ दुष्काळाने प्रत्येकाचे १५ लाइफ गेलेले असतात, तेव्हा त्यापुढे डाव सहसा जात नाही. सरावलेल्या खेळाडूची पाळी सुमारे दोन मिनिटांत होते, म्हणजे फेरीला दहा मिनिटे धरावीत. फेऱ्या मोजायला मध्ये वाटीत चिंचोके ठेवावेत आणि पहिल्या खेळाडूची पाळी आली की एक चिंचोका बाहेर काढावा. दुष्काळाने कोणी पडला तरी गुण त्याच्या विरोधकांनाच मिळतात.

गुणांचा उरलेला हिशेब थोडक्यात असा : डाव संपताना ज्याच्याकडे पाटीलकी आहे आणि जो स्वतः पडलेला नाही, त्याला एक गुण. एकाच वेळी दोघे पडले तर दोघांचा हिशेब वेगवेगळा करावा, पण पडलेल्याला कोणताही गुण देऊ नये. उदाहरणार्थ, पांढरा आणि काळा एकदम पडले तर पांढऱ्यामुळे लालाला आणि काळ्यामुळे हिरव्याला प्रत्येकी दोन गुण मिळतात. पांढरा आणि निळा एकदम पडले तर लाल दोघांचाही विरोधी असल्यामुळे त्याला चार मिळतात, काळ्याला आणि हिरव्याला दोन-दोन. एका बैठकीत तीन डाव खेळावेत आणि प्रत्येक डावाआधी रंग पुन्हा चिठ्ठीने ठरवावेत. मागच्या डावातला वैरी या डावात शेजारी होतो, त्यामुळे राग मनात साठून राहत नाही.

पत्त्यांवरचे शब्द

पत्त्यांवर ‘अपोनंट’ हा शब्द जिथे येतो, तिथे त्याचा अर्थ आपले दोन विरोधी एवढाच घ्यावा. ‘ईच प्लेयर’ म्हटले असेल तर पाचही जण. आणि ‘टार्गेट प्लेयर’ असेल तर कोणीही, अगदी शेजारीसुद्धा. या एका व्याख्येवर डावाचा बराच तोल अवलंबून आहे. थेरॉस या २०१३ सालच्या संचातला ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल हा काळा कॉमन पत्ता घ्या. मैदानात दुसरे काही काळे नसले तरी तो येताच प्रत्येक विरोधकाचे दोन लाइफ घेतो आणि जेवढे घेतले तेवढे मालकाला देतो. पाचही जण एकमेकांचे विरोधी मानले तर मालकाला एकदम आठ लाइफ मिळाले असते. पंचक्रोशीत चारच मिळतात आणि पत्ता डब्यात राहू शकतो.

एकाच क्षणी अनेकांच्या पत्त्यांचे परिणाम जागे झाले, तर ज्याची पाळी चालू आहे त्याचे परिणाम आधी रचावेत आणि मग घड्याळाच्या दिशेने इतरांचे. सोडवताना मात्र वरून खाली यायचे असते, म्हणजे शेवटी रचलेला परिणाम आधी घडतो. ताटांची चवड रचताना जे ताट शेवटी ठेवले तेच आधी हाती येते, असे सांगितले की नव्या माणसाला हे पटकन कळते.

बोलणे

आमच्या पाचांत दोघांची घरची भाषा कन्नड आहे, दोघांची मराठी, आणि पाचव्याच्या घरी दोन्ही चालतात. करार-मदार मोठ्याने करावेत, कानात बोलू नये, हा नियम अनेकांच्या कोणत्याही डावात हवाच; पण आपल्या भागात त्याला एक पुरवणी लागते. दोघांनी भरभर मराठीत काही ठरवले आणि तिसऱ्याला ते समजले नाही, तर ते कानात बोलण्यासारखेच आहे. म्हणून कोणीही मागितले तर ठरलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगावी आणि तोवर पाळी थांबवावी. रंगांची नावे दोन्ही भाषांत सर्वांनी पाठ करावीत : पांढरा म्हणजे बिळी, निळा नीली, काळा कप्पु, लाल केंपु, हिरवा हसिरु. हल्ला जाहीर करताना आमच्याकडे आता मराठी मुलगा “कप्पुवर दोन, केंपुवर एक” असे सहज म्हणतो, आणि त्यात गोंधळ कमी होतो, कारण दिलेले रंग हीच त्या डावापुरती माणसांची नावे असतात. करार मोडण्याला दंड ठेवू नये. कोण शब्द पाळतो हे पुढच्या डावात सगळ्यांच्या लक्षात असतेच.

खेळाला आपल्या परिसरातली नावे देणे कोणाला अनावश्यक वाटेल, पण आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा हा पत्त्यांचा खेळही बाहेरूनच आलेला, पण त्या १२० गोल पत्त्यांत आपल्या ओळखीच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. बाहेरून आलेला खेळ आपल्या ओळखीच्या नावांनी मांडला की त्याचे नियम लवकर अंगवळणी पडतात, हा माझाही अनुभव आहे. ‘मोनार्क’ म्हटल्यावर जे दोनदा समजावावे लागत होते, ते ‘पाटीलकी’ म्हटल्यावर एकदाच सांगावे लागले.

नोंदी आणि निगा

आपल्या घरी हा डाव मांडल्यावर पहिल्या वीस डावांची वही ठेवावी. कोणत्या फेरीत पहिली इजा झाली, कोणता रंग पडला, किती मिनिटे लागली आणि पाटीलकी शेवटी कोणाकडे होती, एवढेच लिहावे. पाच रंग समान बळाचे असतील तर वीस डावांत प्रत्येक रंग साधारण चार वेळा पडायला हवा. एखादा सात-आठ वेळा पडला असेल तर त्याच्या डेककडे पाहावे, आणि एखादा कधीच पडला नसेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या डेककडेही पाहावे, कारण बळकट शेजारी हेसुद्धा एक चिलखत आहे. पहिली इजा पाचव्या फेरीनंतर होत असेल तर डेकमध्ये स्वस्त क्रीचर कमी आहेत, असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही एकदा लाइफ आणि पाठराखण दोन्ही एकाच रविवारी बदलले, आणि डाव सुधारला तो कशाने हे आम्हाला कळलेच नाही. मग एक बदल मागे घेऊन पुन्हा खेळावे लागले.

पत्ते जमिनीवर मांडायचे असतील तर सतरंजीवर एक जाड सुती चादर घालावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा इतकी ओलसर असते की उघडे पत्ते बाक धरतात, आणि चकाकणारे फॉइल पत्ते तर सर्वांत आधी वळतात. वळलेला पत्ता गड्डीत ओळखू येतो, म्हणून फॉइल पत्ते डेकमध्ये घालूच नयेत. पाचही डेक एकाच जातीच्या स्लीव्हमध्ये (पत्त्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटांत), घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावेत. पावसात वीज गेली आणि मेणबत्तीवर खेळायची वेळ आली, तर निळ्या आणि काळ्या पत्त्यांची गल्लत होते. अशा वेळी त्या दोघांनी आपापले लँड आडव्या कापडी पट्टीवर वेगळे मांडावेत.

नियमांचा कागद एकाच पानाचा असावा, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. डावात असा काही पेच आला की जो कागदावर नाही, तर ज्याच्या गुणांवर त्याचा कमीत कमी परिणाम होतो त्या खेळाडूने तेवढ्या डावापुरता निर्णय द्यावा आणि तो पेन्सिलने समासात लिहावा. पुढच्या रविवारी पाचही जणांना तो पटला, तरच त्यावर शाई फिरवावी.